दुसऱ्याच्या जमिनीतलं बीळ

लॉटी झेंबाचं कुणाशी पटत नसे, आणि पटवून घ्यावं असं तिला कधी वाटलंही नाही. डेट्रॉइटला होती तेव्हा ती शाळेची बस चालवायची. मागच्या बाकावर दंगा करणाऱ्या पोराकडे ती आरशातून नुसतं बघायची. तेवढ्याने ते पोर उतरेपर्यंत मान खाली घालून बसायचं. नवरा स्टॅन निवृत्त झाला तेव्हा दोघं थंडीला कंटाळून फ्लोरिडात, पेलिकन क्रीकला आली आणि कालव्याकाठच्या वस्तीत एक बैठं घर घेतलं. पुढच्याच हिवाळ्यात स्टॅन टीव्हीवर गोल्फ बघता बघता गेला. लॉटीने त्याचे कपडे चर्चला देऊन टाकले आणि त्याची खुर्ची ओढत स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेली.

त्या खिडकीतून शेजारचा मोकळा प्लॉट दिसे, आणि पलीकडे कालवा. संध्याकाळी सूर्य त्या पाण्यात उतरायचा. प्लॉटवर बघण्यासारखं काही नव्हतं. काटेरी गवत, सरडे, वाऱ्याने येऊन अडकलेल्या पिशव्या. पण इतकी वर्षं तिथे कुणी फिरकलं नव्हतं, त्यामुळे ती जागा आपलीच, असं तिच्या मनाने धरून ठेवलं होतं.

मालक होता रिगो लेस्कानो, छपरांना कौलं बसवणारा क्यूबन माणूस. मागच्या चक्रीवादळात त्याच्या मुलीचं, यानेसीचं, भाड्याचं घर पाण्यात गेलं. नवरा त्याआधीच सोडून गेला होता, वादळाशिवायच. तेव्हापासून ती जुळ्या मुलींना घेऊन बापाच्या अंगणातल्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, राहत होती. तिच्यासाठी घर बांधायचं रिगोने ठरवलं आणि एका सकाळी मोजणीवाले प्लॉटवर गुलाबी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकून गेले.

"ए! काय चाललंय तिथे?" लॉटी दारातूनच ओरडली.

रिगो ट्रकमधून उतरला. त्याने टोपी काढली. "नमस्कार बाई. मी रिगो. मुलीसाठी घर बांधतोय. आता आपण शेजारी."

"किती मजली?"

"दोन."

"म्हणजे माझी खिडकी गेली."

"खिडकी कुठे जातेय? खिडकी तुमचीच आहे," तो हसून म्हणाला. "बाहेरचं तेवढं माझं आहे."

तो गंमत करत होता. पण लॉटीला ते असं काही झोंबलं की त्या रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. माणूस बरोबर बोलत होता, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाचा तिला जास्त राग यायचा.

आता याआधी काय झालं होतं ते सांगायला हवं. महिन्याभरापूर्वी ऑर्व्हिल टॅन्स्ली नावाचा एक निवृत्त दातांचा डॉक्टर तिच्या दाराशी आला होता. वीतभर उंचीची, लांब पायांची, भर दिवसा उन्हात उभी राहणारी, जमिनीत बीळ करून राहणारी घुबडं वस्तीत सगळ्यांच्या ओळखीची होती. जिथे तिथे घरं उठत होती आणि त्यांची बिळं बुजत होती. ऑर्व्हिल आणि त्याची मंडळी दारोदार फिरून लोकांना विनवत होती, की तुमच्या हिरवळीत आम्हाला एक भोक पाडू द्या. हिरवळीचा थाळीएवढा तुकडा काढायचा, तिरपं हातभर खणायचं, बाहेर वाळू पसरायची आणि शेजारी बसायला एक आडवी दांडी रोवायची. पुढचं पाखरं स्वतः खणतात.

"माझ्या हिरवळीत भोक?" लॉटी म्हणाली होती. "आधी तुमच्या बायकोच्या गालिच्यात पाडा."

ऑर्व्हिल सभ्य माणूस. पत्रक देऊन गेला. जाता जाता त्याने एवढंच सांगितलं होतं, की एकदा बिळात अंडी पडली की पिल्लं उडेपर्यंत जवळपास यंत्र आणता येत नाही, कायदा आहे.

हे सगळं लॉटीला आता शब्दन् शब्द आठवलं.

पुढच्या रविवारी ती मासला, चर्चमधल्या प्रार्थनेला, गेली नाही. लेस्कानो मंडळी चर्चमध्ये असणार हे तिला ठाऊक होतं. स्टॅनचं फावडं घेऊन ती प्लॉटच्या बरोबर मधोमध गेली, जिथे पाया येणार होता तिथे. गवत कापलं, तिरपं खणलं, पांढरी वाळू बाहेर नीट पसरली, प्लॅस्टिकच्या पाइपची दांडी रोवली. कंबर मोडली, पण मन कसं हलकं झालं.

दोन आठवडे कुणी आलं नाही. मग रस्त्याच्या टोकाचे प्लॉट बुलडोझरने साफ केले आणि तिथली बेघर झालेली जोडी उडत इकडे आली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तसं. नराने दांडीवर बसून मान गोल फिरवली, मादी आत शिरली आणि पायांनी मागे माती उडवू लागली. लॉटीने लगेच ऑर्व्हिलला फोन केला. एवढा गोड आवाज तिने स्टॅनशी बोलतानाही कधी काढला नव्हता.

"अहो, शेजारच्या प्लॉटवर तुमची पाखरं आलीत. लवकर या."

ऑर्व्हिल धावत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचे दोन्ही हात धरून त्याने आभार मानले. बिळाभोवती चार पांढरे खांब रोवले, दोरी बांधली, पाटी लावली. रिगोचं परवानगीचं काम अडकत अडकत पुढे सरकलं आणि यंत्र प्लॉटवर आलं त्याच आठवड्यात बिळात अंडी पडली. सरकारी वन्यजीव खात्याचा माणूस येऊन बघून गेला. यंत्र परत गेलं.

रिगोने त्या दिवशी टोपी काढली नाही.

"बाई, ही घुबडं इथे कशी आली?"

"उडत. पंख असतात त्यांना."

"अख्खी वस्ती सोडून माझ्याच घराच्या पायात? बरोब्बर मध्यावर?"

"देवाची करणी."

"देवाला यात ओढू नका. माझी नातवंडं पत्र्याच्या डब्यात झोपतात. उन्हाने पत्रा तापला की पोरींच्या अंगावर पुरळ उठतं. तुम्हाला मुलंबाळं नाहीत, तुम्हाला काय कळणार?"

हे तिला लागलं. आणि लागलं म्हणून ती आणखी कडवट झाली. "कायदा वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घे," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

तिथून जे सुरू झालं त्याला भांडण म्हणणंही कमीच. रिगोने मजुरांसाठीचा निळा प्लॅस्टिकचा संडास आणून प्लॉटच्या कडेला, अगदी तिच्या खिडकीला लागून ठेवला. मजूर नव्हते, पण संडास होता. लॉटीने नगरपालिकेत तक्रार केली. तो कायद्यात बसत होता. मग तिने त्याच्या शिड्या लादलेल्या ट्रकबद्दल तक्रार केली, की रस्त्यावर उभा असतो. ट्रकवर दंडाची चिठ्ठी लागली. त्याने तिच्या मागच्या अंगणातल्या रानाबद्दल तक्रार केली. तिच्या दारावर चिठ्ठी लागली.

वस्ती रिगोच्या बाजूची. निम्मे लोक गवंडी, सुतार, कौलं बसवणारे. उरलेल्यांची घरं वादळाने अर्धी नेलेली. लॉटीच्या गॅरेजच्या दारावर कुणीतरी अंडी फोडली. सुपरमार्केटमध्ये पावाच्या रांगेत मागून एक बाई मोठ्याने म्हणाली, "यांना पाव कशाला? घुबडांसारखे सरडे द्या." चर्चमध्ये शांतीची खूण करायची वेळ आली, सगळे वळून एकमेकांचे हात हातात घेतात ना, तेव्हा पुढच्या बाकावरचं एकही डोकं वळलं नाही. लॉटीने पुढे केलेला हात तसाच पर्सवर ठेवला आणि प्रार्थना संपेपर्यंत ती ताठ बसून राहिली. पुढच्या रविवारी ती त्याच बाकामागे जाऊन बसली. माघार तिला ठाऊकच नव्हती.

दिवसभर ती खिडकीत असायची. आधी रिगोवर नजर ठेवायला. मग हळूहळू नजर दुसरीकडेच राहू लागली. नर उन्हात दांडीवर उभा असायचा, पिवळे डोळे रोखून. कुत्रं आलं, माणूस आलं, ट्रक आला, तो कुणालाही हटत नसे. गुडघे वाकवून खालीवर व्हायचा आणि किंचाळायचा. मादी दाराशी येई, तो तिच्यापुढे सरडा टाकी आणि पुन्हा पहाऱ्यावर. बिळाच्या तोंडाशी त्यांनी कुत्र्याची वाळकी विष्ठा, सिगारेटची थोटकं, कागदाचे कपटे आणून मांडले होते. लॉटीला तो नर आवडला. गोड म्हणून नव्हे. गोड काही तिला आवडत नसे. तो चिडका होता, आणि कुणाची भीड ठेवत नव्हता. एप्रिलमध्ये पाच पिल्लं दाराशी येऊन रांगेत उभी राहिली, तेव्हा आपण हे बीळ कशासाठी खणलं होतं ते ती दिवसदिवस विसरून जाई.

एका दुपारी ती किराणा घेऊन परतली तर नर दांडीवर नव्हता. तो हवेत गोल गोल फिरत किंचाळत होता. मादी दोरीजवळ जमिनीवर चोच वासून उभी. बिळाच्या जागी फुटक्या कौलांचा ढीग होता. नुसता टाकलेला नव्हे. आतपर्यंत ठासून भरलेला.

लॉटीच्या हातातली पिशवी तिथेच पडली. ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी कौलं उपसू लागली. तुटक्या कडांनी बोटं कापली. "रिगो! भेकड माणसा! ये ना समोर!" ती ओरडत होती.

"बाबाला माहीत नाही."

रस्त्याच्या कडेला गाडीचं दार उघडं होतं. यानेसी उभी होती, अंगभर लाल धूळ. कौलं टाकून झाल्यावर ती गेलीच नव्हती. गाडीत बसून बघत राहिली होती.

"तू?"

"हो, मी. झालं समाधान? रात्री माझ्या पोरी उकाड्याने रडतात आणि मी ओला टॉवेल घेऊन बसते. कुणी पाटी लावली का आमच्या ट्रेलरला? कुणी दोरी बांधली?"

लॉटीने रक्ताळलेल्या हाताने खिशातला फोन काढला. "आत्ता लावते फोन. तुरुंगात जाशील."

"लाव. आणि हेही सांग, बीळ कुणी खणलं."

लॉटीचा अंगठा फोनवरच थांबला.

"त्या रविवारी मुली मासमध्ये रडत होत्या म्हणून मी बाहेर पडले. म्हटलं जागा तरी बघून यावी. तू फावडं घेऊन उभी होतीस. मला वाटलं म्हातारी मेलेलं मांजर पुरतेय. हसायला म्हणून फोटो काढला." यानेसीने स्वतःचा फोन उंच धरला. "परवा जुने फोटो बघताना कळलं काय पुरत होतीस ते."

"मग बापाला का नाही दाखवलास?"

"तो तुझं डोकं फोडेल आणि मग तोच आत जाईल. म्हणून."

 तेवढ्यात कौलांच्या खालून आवाज आला. खुळखुळ्या सापाच्या शेपटीसारखा, सळसळणारा. यानेसी दोन पावलं मागे उडाली. "साप! आत साप आहे!"

"साप नाही, बावळट. पिल्लं आहेत. घाबरली की असाच आवाज काढतात, समोरचा पळावा म्हणून." लॉटी पुन्हा वाकली आणि तिने एक कौल जोरात ओढलं. ढीग आत खचला. आवाज बंद झाला.

"मधलं ओढू नकोस!" यानेसी किंचाळली. पुढच्या क्षणी ती तिच्या शेजारी गुडघ्यांवर होती. "वरचं आधी काढ. सगळं खाली बसेल नाहीतर. सरक तिकडे."

दोघींनी मिळून ते बीळ मोकळं केलं. यानेसी बापाबरोबर छपरांवर काम करून मोठी झालेली. तिचा हात कौलावर सहज चालायचा. कौल काढता काढता ती स्पॅनिशमध्ये लॉटीच्या सात पिढ्या उद्धरत होती, आणि लॉटी आपल्या घरच्या पोलिश भाषेत तिच्या. नर वरून झेप घेऊन दोघींच्याही डोक्यावर पंजे मारत होता. त्याला काय, दोघी सारख्याच. शेवटी लॉटीने दंडापर्यंत हात आत घातला. चार पिल्लं धुळीने माखलेली, पण जिवंत होती. पाचवं तिने बाहेर काढून गवतावर ठेवलं. त्याची मान लुळी पडली होती.

यानेसी त्याच्याकडे बघत राहिली. 

"हे तुझ्या नावावर," ती म्हणाली.

"तुझ्या," लॉटी म्हणाली.

कुणी कुणाला फोन केला नाही. यानेसीने कौलं गाडीत भरली आणि ती निघून गेली.

पण गोष्ट तिथे मिटली नाही. रिगोच्या मनातली शंका वस्तीभर पसरली होती, की घुबडं आपोआप येत नाहीत, कुणीतरी आणून बसवतं. कुणीतरी म्हणजे कोण? तर तो दातांचा डॉक्टर, खांब आणि दोऱ्या घेऊन फिरणारा. ऑर्व्हिलच्या गाडीवर कुणीतरी किल्लीने 'चोर' असं कोरलं. दोन ठिकाणचे खांब उपटून कालव्यात फेकले. शेवटी पाद्रीबाबांनी चर्चच्या हॉलमध्ये बैठक बोलावली. कॉफी होती, केक होता, आणि कुणी कशालाही हात लावत नव्हतं.

"सरळ विचारतो," रिगो उभा राहून म्हणाला. "माझ्या जागेत बीळ तुम्ही खणलंत की नाही?"

"नाही," ऑर्व्हिल म्हणाला.  "मालकाला विचारल्याशिवाय आम्ही कुदळ लावत नाही. आयुष्यात कधी लावली नाही."

"शपथ घ्या."

"घेतो."

"खोटारडा!" मागून कुणीतरी ओरडलं. "दात काढता काढता आता घरं काढायला लागला!" हॉलमध्ये हशा पिकला. ऑर्व्हिल लालबुंद होऊन उभाच राहिला. 

लॉटी शेवटच्या रांगेत होती. गप्प बसली असती तर तिचं काही बिघडलं नसतं. यानेसी बोलणार नव्हती. तिचेही हात बांधलेले होते. पण तो माणूस असा एकटा उभा राहून शिव्या खातोय, हे लॉटीला बघवेना. दांडीवरून न हटणाऱ्या कुणाचीतरी सवय तिला झाली होती.

"त्याने नाही खणलं," ती बसमधल्या आवाजात म्हणाली.  "मी खणलं. घर बांधलं तर माझी खिडकी जाणार होती, म्हणून. पाखरांची मला तेव्हा काडीची पर्वा नव्हती."

मग जो गदारोळ झाला त्यात पाद्रीबाबांचा आवाजही बुडाला. रिगो खुर्च्या बाजूला सारत तिच्याकडे यायला लागला. त्याला दोघांनी धरलं. "नीच बाई! माझ्या नातींचा उन्हाळा खाल्लास तू!"

"खाल्ला," लॉटी म्हणाली.

तिसऱ्या रांगेत यानेसी पांढरीफटक पडून बसली होती. आता म्हातारी कौलांचंही सांगणार, हे तिने धरलं होतं. लॉटीने एकदा तिच्याकडे बघितलं. मग पर्स उचलली आणि ती दाराकडे चालू लागली. त्या दुपारबद्दल तिने तिथेही अवाक्षर काढलं नाही आणि पुढेही नाही.

बाहेर गाड्यांच्या रांगेत ऑर्व्हिलने तिला गाठलं. तो आभार मानेल असं तिला वाटलं असेल, तर ती चुकली.

"मी तुमचे हात धरले होते," तो म्हणाला.

"चार पिल्लं जिवंत आहेत, डॉक्टर. ती तर खोटी नाहीत ना?"

"पिल्लं खरीच असतात. खोटी तुम्ही आहात. उद्यापासून या गावातल्या प्रत्येक बिळाकडे बोट दाखवून लोक म्हणतील, हे झेंबाबाईने खणलेलं असेल. मी दहा दारं ठोठावतो तेव्हा एक उघडतं. ते एकही तुम्ही बंद केलंत. रिगोने नाही. तुम्ही."

  ऑर्व्हिल गाडीत बसला, आणि त्यानंतर तो तिच्या रस्त्यावर कधी आला नाही.

वन्यजीव खात्याने तिला दंड केला, तो तिने भरला. रिगो तिला कोर्टात खेचणार असं सगळे म्हणत होते, पण यानेसीने बापाला थोपवून धरलं. का, ते तिने त्याला सांगितलं नाही.

जुलैत पिल्लं उडायला लागली. ऑर्व्हिलच्या मंडळींतली दुसरीच एक बाई नळीचा कॅमेरा घेऊन आली, बीळ रिकामं असल्याची तिने खात्री केली, आणि परवानगीचा कागद हातात आल्यावर रिगोने फावड्याने ते बीळ स्वतः उकरून सपाट केलं. लॉटी खिडकीतून बघत होती. मग भिंती उठल्या, कालवा दिसेनासा झाला, संध्याकाळ दुपारीच होऊ लागली. तिच्या स्वयंपाकघरासमोर रिगोने अगदी ठरवून नवीन घराच्या न्हाणीघराची खिडकी ठेवली.

त्याच दिवसांत लॉटीने आपल्या दारापुढची हिरवळ कापली आणि टपालपेटीजवळ एक भोक खणलं. या वेळी जागा तिची होती. कुणाला बोलावलं नाही, पाटी लावली नाही, भोवती नुसती दोरी बांधली. शरद संपता संपता ती जोडी तिथे आली. वसंतात अंडी पडली आणि नर मालकिणीलाच दारातून बाहेर पडू देईना. ती पायरी उतरली की तो डोक्यावर झेपावे. स्टॅनची मासेमारीची टोपी घालून तिने दोन दिवस लढून बघितलं, मग मुकाट गॅरेजच्या दारातून जायला-यायला लागली. पहिल्या दिवशी तिची ती पळापळ यानेसीने आपल्या ओसरीवरून बघितली आणि पोट धरधरून हसली. जुळ्या मुलीही हसल्या. लॉटीने तिथूनच मूठ दाखवली.

दोघी अजूनही बोलत नाहीत. लेस्कानोंच्या घरी नात्यातल्या बाळाचं बारसं झालं, वाढदिवस झाले, अख्खं डुक्कर भाजलं, सगळी गल्ली जेवली. लॉटीला बोलावणं गेलं नाही. मुली मात्र घुबडं बघायला दोरीशी येऊन उभ्या राहतात. त्यांना यानेसी अडवत नाही, आणि लॉटी हाकलत नाही.

मागच्या वर्षी टीव्हीवाली एक मुलगी आली. तिला 'घुबडांची आजी' म्हणून काहीतरी करायचं होतं. "मी कुणाची आजी नाही," लॉटी गॅरेजच्या अर्ध्या उघड्या दारातून म्हणाली. "मी भांडायला गेले होते. पाखरं मधे आली." आणि तिने दार खाली ओढलं. ती मुलगी मग शेजारच्या घरी गेली. लॉटीला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"शेजारीण म्हणून कशी आहे ती?"

"नीच आहे," यानेसी म्हणाली.  "आणि तुमची ती गाडी तिच्या दोरीला लागतेय. मागे घ्या आधी."

लॉटी आत जाऊन कोबी चिरायला बसली.